अडीचशे चौरस फुटांचा इन्साफ

सगळ्यांचे सगळेच गेले तर पुढचे वाटप कसे करावे? ज्याचे जेवढे गेले तेवढे त्याला परत द्यावे, की ज्याला जेवढे लागते तेवढे द्यावे? प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकातला वाटतो. पण आमच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात आणि शेजारच्या लातूरमध्ये तो एकदा खरोखरच समोर आला. सरकारने त्याचे उत्तरही दिले. त्या उत्तराबरहुकूम हजारो घरे बांधली गेली आणि आज त्या घरांत दुसरी-तिसरी पिढी नांदते आहे. उत्तर मिळाले, परंतु प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. तो आता विचारावा, असे आम्हांस वाटते. कारण गावोगावच्या घरकुलांच्या याद्यांत, शाळांच्या प्रवेशांत आणि नगरपालिकेच्या प्रभागांत तोच प्रश्न वेगवेगळी नावे घेऊन दरवर्षी परत येतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. किल्लारी आणि सास्तूर परिसरातली गावे काही सेकंदांत भुईसपाट झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्या भागात घर म्हणजे दगड-मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार असे हे घर त्या पहाटे कबर झाले. जेवढा वाडा मोठा, तेवढे त्याचे ओझे मोठे. गावकुसाबाहेर कुडाच्या, पत्र्याच्या हलक्या छपराखाली राहणारी माणसे त्या मानाने अधिक वाचली. निसर्गाने गरिबावर केलेली ही मेहरबानी एवढ्यापुरतीच होती.

मग पुनर्वसन आले. जागतिक बँकेचे कर्ज आले, देशभरातून आणि परदेशांतून मदत आली, स्वयंसेवी संस्थांनी गावे दत्तक घेतली. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवायचे ठरले. घर कुणाला किती मोठे द्यायचे, याचा नियम झाला. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फुटांचे घर. १ ते ७ हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचे. ७ हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फुटांचे. म्हणजे घराची मोजणी माणसे मोजून झाली नाही, सातबारा पाहून झाली. ज्या घरात आठ माणसे वाचली पण नावावर गुंठाभर रान नव्हते, त्याला अडीचशे फूट. ज्या घरात दोनच माणसे उरली पण जमीन वीस एकर होती, त्याला साडेसातशे.

या नियमाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्याचे घर हे नुसते राहण्याचे ठिकाण नसते. त्याला धान्याची रास ठेवायला जागा लागते, बैलबारदाना लागतो, ज्वारीच्या कडब्याची सोय लागते. ज्याचा वाडा गेला त्याचे नुकसान झोपडी गेलेल्यापेक्षा पैशात मोजले तर जास्तच. शिवाय सर्वांना समान घर दिले असते तर मोठ्या घराण्यांनी नव्या गावात जाण्यास नकार दिला असता, गावे फुटली असती आणि पुनर्वसन रखडले असते, असेही कुणी म्हणेल. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अनेक भूमिहीन कुटुंबांना हयातीत पहिल्यांदा पक्के घर मिळाले आणि तेही स्वतःच्या मालकीचे. अडीचशे फूट का असेना, ते पावसात गळणारे छप्पर नव्हते.

तरीही हिशेब बसत नाही. कारण 'नुकसानभरपाई' आणि 'पुनर्वसन' या दोन गोष्टींची येथे सरमिसळ झाली आहे. भरपाईचा प्रश्न मागे पाहतो आणि विचारतो, तुझे काय होते? पुनर्वसन पुढे पाहते आणि विचारते, आता तुला जगायला काय लागेल? भरपाई अशाने द्यायची असते ज्याने नुकसान केले. भूकंप सरकारने केला नव्हता. सरकारने आणि दात्यांनी जो पैसा दिला तो कुणाच्या वाड्याची किंमत म्हणून दिला नव्हता, उघड्यावर पडलेल्या माणसाला छप्पर म्हणून दिला होता. उघड्यावर पडलेला माणूस जमीनदार असो की सालगडी, पाऊस दोघांना सारखाच भिजवतो. शिवाय वीस एकरवाल्याचा वाडा गेला तरी वीस एकर जागच्या जागी होते. पुढच्या सुगीला ते पुन्हा पिकणार होते. भूमिहीनाकडे पिकणारे काहीच नव्हते. म्हणजे ज्याच्याकडे स्वतः उभे राहण्याची ताकद अधिक होती त्याला आधारही अधिक मिळाला.

जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वचिंतकाने १९७१ साली न्यायाची एक कसोटी मांडली. समाजातली विषमता तेव्हाच मान्य करावी, जेव्हा तिच्यामुळे सर्वांत तळाशी असलेल्या माणसाचे भले होते. डॉक्टरला जास्त पगार दिल्याने गरिबाच्या गावी दवाखाना चालत असेल, तर तो जास्तीचा पगार न्याय्य. ही कसोटी आमच्या नियमाला लावून पाहावी. मोठ्या जमीनदाराला साडेसातशे फूट दिल्याने अडीचशे फूटवाल्याचे काय भले झाले? धान्याला जागा हवी हे कारण खरे असेल, तर गावासाठी सामाईक कोठार बांधता आले असते. पण तसे कारण मुळात नव्हतेच. जुन्या गावात ज्याची जी पायरी होती, ती नव्या गावात त्याच्याबरोबर नेऊन बसवण्यात आली.

आता नियमात जातीचे नाव नव्हते, धर्माचे नाव नव्हते. होती ती फक्त जमीन. पण मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. महार, मांग, चांभार, ढोर. आणि मुसलमानांत मुलाणी, आतार, तांबोळी, पिंजारी, फकीर, खाटीक. मुलाण्याला बलुते होते, पण रान असलेच तर तुकडाभर. बाकीचे कुणी बांगड्या-अत्तर विकणारे, कुणी पानाचे, कुणी गाद्या भरणारे. सातबाऱ्यावर यांची नावे शोधून सापडत नाहीत. तेव्हा जातीचा उच्चारही न करता केलेला नियम जातीवरच येऊन थांबला. नियम करणाऱ्याच्या मनात पाप होते, असे आमचे म्हणणे नाही. पाप नसतानाही अन्याय होऊ शकतो आणि तो अधिक टिकतो, कारण त्याची तक्रार कुणाविरुद्ध करायची हेच कळत नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर म्हटले तेव्हा पुष्कळांना राग आला होता. ४५ वर्षांनी निसर्गाने बावन्न खेडी पुसून कोरी पाटी हातात दिली, आणि त्या पाटीवर आम्ही पुन्हा तेच खेडे काढले. रस्ते सरळ झाले, एवढाच फरक.

दूरदेशीचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे केले. जिथे कर्ज देणे धोक्याचे, ते भाग लाल रंगाने दाखवले. काळ्या लोकांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात गेल्या. कर्ज नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून मालमत्ता नाही. त्या देशात शाळांचा मोठा खर्च त्या-त्या भागातल्या घरपट्टीतून भागतो. म्हणून मालमत्ता नाही तिथे शाळाही गरीब. टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात मेक्सिकन वंशाच्या गरीब पालकांनी याविरुद्ध दाद मागितली. १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती नाकारली. म्हणजे १९५४ साली ज्या न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्याच न्यायालयाने एकोणीस वर्षांनी वेगळ्या वस्त्यांनी केलेल्या वेगळ्या शाळांपुढे हात टेकले. कायद्याने वर्गाचा दरवाजा उघडला होता. पण दरवाजापर्यंत येण्याचा रस्ता घरापासून निघतो, आणि घर कुठे हे आधीच ठरलेले होते.

आमच्याकडे शाळेचा पैसा घरपट्टीवर अवलंबून नाही, ही समाधानाची बाब आहे. परंतु घर आणि शाळा यांची गाठ आमच्याकडेही पक्की आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या मुलाला १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीच्या मुलाला ३ किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, असा नियम आहे. चांगलाच नियम. पण मुलाच्या एक किलोमीटरमध्ये जे असेल तेच त्याच्या नशिबी. म्हणून त्याच कायद्यात दुसरी खिडकी ठेवली होती. खासगी विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियम बदलून ही खिडकी जवळजवळ बंद केली. जिथे एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिथल्या खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली गेली. म्हणजे गरिबाच्या मुलासाठी गरिबाची शाळा जवळ आहे ना, मग त्याने तिथेच जावे. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला, म्हणून मुले वाचली.

या बदलाला आम्ही विरोध केला, परंतु आपल्या समाजाने आरशातही पाहावे. अल्पसंख्याकांच्या संस्थांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. त्यानंतर आपल्या अनेक शिक्षणसंस्थाचालकांनी सुटकेचा श्वास सोडला. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या सुटीबद्दलच शंका घेऊन विषय मोठ्या पीठापुढे नेण्याची गरज सांगितली, तेव्हा आपल्याकडे पुन्हा काळजी पसरली. संविधानाच्या कलम ३० ने दिलेला अधिकार मोलाचा आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण तो कशासाठी दिला आहे? भाषा, संस्कृती आणि दुबळ्या समाजाची तालीम सांभाळण्यासाठी. अल्पसंख्याक म्हणून परवानगी घ्यायची, भारी फीची इंग्रजी शाळा काढायची आणि त्याच मोहल्ल्यातल्या हमालाच्या पोराला दारातून परत पाठवायचे, याला त्या कलमाचा आधार मिळेलही, इन्साफचा मिळणार नाही.

येथे आम्हांस एक प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो टाळता येत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दू शाळा ही स्वतःच एक मोहल्ला नाही का? एकीकडे वेगळ्या वस्तीला अन्याय म्हणायचे आणि दुसरीकडे वेगळ्या शाळेत पगार घ्यायचा, हे कसे?

याचे उत्तर देण्याआधी थोडा इतिहास आठवला पाहिजे. हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, उर्दूतून उच्च शिक्षण देणारे. भारतीय भाषेतून विज्ञान-कायदा शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्याच राज्यात मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या मुलांना वरच्या वर्गात जायचे तर उर्दूच्या उंबरठ्यावर डोके टेकावे लागे. घरात मराठी आणि परीक्षेत उर्दू. त्या मुलांच्या मनात जी खंत राहिली ती खोटी नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. आधी रझाकारांनी होरपळवलेली गावे, आणि नंतर सूडाने होरपळलेली मुसलमान वस्ती, दोन्ही याच मातीतली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांची स्थिती सर्वांत वाईट म्हणून नोंदवली, त्यांत उस्मानाबाद होता. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकत आलो की त्या दिवसांत कितीतरी कुटुंबांनी खेडे सोडले आणि तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी जिथे आपली चार घरे होती तिथे आसरा घेतला. मोहल्ले दाट झाले ते असे. आणि उर्दू, जी दरबाराची भाषा होती, ती त्या मोहल्ल्याची भाषा होऊन बसली.

तेव्हा वेगळेपणाचे दोन प्रकार आहेत, हे समजून घेतले पाहिजे. एक निवडलेले, दुसरे लादलेले. आईच्या भाषेत मुलाने पहिली अक्षरे गिरवावीत, हा संविधानाने कलम ३५० क मध्ये मानलेला विचार आहे. तो निवडलेल्या वेगळेपणाचा. पण बाप म्हणतो, 'सर, दुसऱ्या शाळेत पोराला कोण विचारतो? इथंच राहू द्या,' तेव्हा ती भाषेची निवड नसते. ती भीती असते. दोन्ही मुले एकाच बाकावर बसलेली दिसतात, पण एक आपल्या हक्काने बसलेले असते आणि दुसरे नाइलाजाने. फरक ओळखण्याची कसोटी साधी आहे. दार आतून उघडते का आणि बाहेरून उघडते का? उर्दू शाळेतल्या मुलाला दहावीनंतर तालुक्याच्या मराठी कॉलेजात ताठ मानेने बसता आले पाहिजे. त्यासाठी उर्दू शाळेत मराठी मन लावून शिकवली गेली पाहिजे, तहसीलचा अर्ज आणि कथा-कविता दोन्ही समजतील इतकी. आणि मराठी शाळेत गेलेल्या मुस्लिम मुलाला तिथे पाहुणा वाटता कामा नये. ज्या खेड्यांत उर्दू शाळा नाही तिथे आपली मुले जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतच जातात. घरी बोलतात ती दखनी, 'मेरेकू-तेरेकू'ची, जी ना लखनौची उर्दू, ना पुण्याची मराठी. या मुलांना दोन्ही शाळांत आपली बोली अशुद्ध असल्याचे ऐकावे लागते. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम चार टक्के. बाकीच्यांचे भवितव्य सरकारी आणि खासगी शाळांतच ठरते. म्हणून आपल्या समाजासाठी जिल्हा परिषदेची शाळा हा परक्याचा विषय असू शकत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा ओरड करायला हवी होती ती सर्वांनी मिळून. वस्तीवरची शाळा गेली की आधी मुलीची शाळा सुटते, मग ती मुलगी मराठीत बोलणारी असो की दखनीत.

पुन्हा घराकडे येऊ. खेड्यात भूमिहीनाला आज प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मिळते. १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. १९९३ च्या भूकंपानंतर भूमिहीनाला दिलेले माप आजही तेवढेच आहे, एकोणीस फूट वाढले इतकेच. पण आजची अडचण मापाची नाही, जागेची आहे. घरकुल मंजूर होते, ते बांधायला स्वतःची जागा लागते. ज्याच्याकडे जागा नाही त्याच्यासाठी जागा खरेदीला अर्थसहाय्याची वेगळी योजना २०१५ मध्ये निघाली, सुरुवातीला ५० हजार रुपयांपर्यंत. पण गावात जागा विकत घ्यायची तर विकणारा पाहिजे, आणि विकणारा आधी विचारतो, घेणारा कोण? मग माणूस गायरानात चार पत्रे उभे करतो आणि अतिक्रमणवाला ठरतो. अनुसूचित जातीच्या बांधवांसाठी रमाई आवास योजना आहे, ती असायलाच हवी. पण पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारा मुसलमान १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्या यादीत बसत नाही. पंतप्रधान आवास योजनेत अल्पसंख्याकांसाठी शक्यतो १५ टक्के, असे लिहिलेले आहे. 'शक्यतो' या शब्दावर घर उभे राहत नाही.

शहरात वेगळी तऱ्हा. आमच्यातल्या एका शिक्षकाची बदली झाली. नव्या गावी शाळेजवळ खोली पाहायला गेले. खोली मोकळी होती, भाडे ठरले, मग नाव विचारले गेले आणि खोली अचानक पाहुण्यांसाठी लागणार असल्याचे कळले. हे इतके नेहमीचे आहे की आम्ही त्यावर रागावणेही सोडले आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सहकारी संस्थेला आपले सदस्यत्व एका समाजापुरते ठेवता येते, असा निकाल दिला. अल्पसंख्य पारशांना त्यात संरक्षण वाटले असेल. पण तेच हत्यार बहुसंख्याकांच्या हाती गेले की त्याचे काय होते, ते घर शोधणाऱ्याला विचारावे.

मात्र आम्ही फक्त दुसऱ्यांच्या दाराकडे बोट दाखवणार असू, तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. आमच्या मोहल्ल्यातही भाडेकरूची बिरादरी विचारली जाते. सय्यद-शेखांच्या गल्लीत खाटकाला खोली सहज मिळत नाही. मशिदीत एका सफेत उभे राहणारे लोक घर देताना आणि मुलगी देताना सफा बदलतात. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारींसारख्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ चालवली, तेव्हा तिला विरोध बाहेरून झाला त्याहून अधिक घरातून झाला. मुसावात मागणाऱ्याने ती आधी वाटायला शिकले पाहिजे.

आणि राजकारण? येथे एक पेच आहे, ज्यावर आपल्याकडे उघड चर्चा होत नाही. मोहल्ला दाट आहे म्हणून तो प्रभाग आपला. प्रभाग आपला म्हणून नगरसेवक आपला. लोक जर गावभर पसरले, तर ते कोणत्याच प्रभागात निवडून आणण्याइतके उरणार नाहीत. म्हणजे ज्या गर्दीने आपल्याला गटार, रोगराई आणि अरुंद गल्ल्या दिल्या, त्याच गर्दीने प्रतिनिधीही दिला. त्या प्रतिनिधीचा फायदा मोहल्ला मोहल्लाच राहण्यात आहे. विरोधकाचाही त्यातच आहे, कारण मोहल्ल्याकडे बोट दाखवून बाकीच्या गावाची मते मिळतात. दोघांच्या सोयीत रहिवाशाची गैरसोय कायम. अमेरिकेत काळ्यांच्या मतदारसंघांबाबत हाच पेच आहे. प्रतिनिधित्व सोडावे, असे आम्ही म्हणत नाही. जोपर्यंत नाव ऐकून खोली नाकारली जाते तोपर्यंत ते सोडणे म्हणजे छत्री फेकून पावसात उभे राहणे. पण नगरसेवकाला एक प्रश्न जरूर विचारावा. तू आमच्या गल्लीत शादीखाना बांधलास, ठीक. नव्या लेआउटमध्ये आमच्या पोराला प्लॉट मिळावा म्हणून तू काय केलेस? सच्चर समितीने सुचवले होते की संमिश्र वस्ती उभी करणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांना शासनाने प्रोत्साहन द्यावे. समान संधी आयोगाचीही शिफारस होती. या दोन शिफारशींसाठी आमच्या जिल्ह्यात मोर्चा निघाल्याचे आम्हांस आठवत नाही.

मोर्चे निघाले ते नावासाठी. २९ जून २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा ठराव केला, पुढच्या सरकारने तो जुलैत पुन्हा केला, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती आली. ८ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाने नामांतर वैध ठरवले. या काळात पेढे वाटले गेले, आक्षेपांचे अर्ज भरले गेले, दोन्ही बाजूंनी रात्री जागवल्या. नावात भावना असते, ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढा चालला, त्यात दलितांची घरे जळाली. ते नावासाठी लढले कारण त्या नावात त्यांच्यासाठी शाळेचे दार होते. आमच्या जिल्ह्याच्या नावाच्या वादात कुठल्या मुलासाठी कुठले दार उघडले किंवा बंद झाले, हे दोन्ही बाजूंनी सांगावे. त्याच काळात आमच्या भागातल्या अनेक नगरपालिका आणि पंचायत समित्या वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती होत्या. घरकुलाची यादी, शाळेचे पत्रे, नळाचे पाणी यांबद्दल जाब विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांचे मतदान झाले. लोकशाहीच नसण्याबद्दल आम्ही जितके गप्प राहिलो, तितके नावाबद्दल राहिलो नाही.

उर्दूत शेजाऱ्याला 'हमसाया' म्हणतात. ज्याची आणि आपली सावली एक आहे, तो. या शब्दात न्यायाची पूर्ण कल्पना आहे. एका झाडाखाली बसलेल्यांत सावलीची वाटणी कुणाच्या किती जमिनी आहेत हे पाहून होत नाही. ज्याच्यावर ऊन आले त्याला सरकून जागा द्यायची असते. सार्वजनिक पैशाने बांधलेले घर आणि सार्वजनिक पैशाने चालणारी शाळा ही अशी सावली आहे. तिथे माणसे मोजावीत, एकर मोजू नयेत. पट मोजताना दहा मुले म्हणजे दहा आयुष्ये, हे विसरू नये.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात इतके. गावठाणाची किंवा गायरानाची जागा भूमिहीनाच्या नावावर आधी व्हावी, घरकुल नंतर मंजूर व्हावे. घरकुलांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी आणि त्या सभेला आपल्या बायाबापड्यांनी हजर राहावे, हात वर करून नाव विचारावे. नगरपालिका किंवा म्हाडा जिथे नवी वसाहत करील तिथे एका समाजाची रांग होणार नाही असा नियम असावा. उर्दू आणि मराठी शाळा शक्य तिथे एका आवारात असाव्यात, मैदान एक, वाचनालय एक, दोन्ही भाषांची मुले दोन्ही बाजूंनी ये-जा करणारी. आणि ज्या आपल्या संस्थांना कायद्याने सूट दिली आहे, त्यांनी ती सूट बाजूला ठेवून आपणहून चौथा हिस्सा गरिबाच्या मुलांना द्यावा. यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

१९९३ साली एका रात्रीत गावे नाहीशी झाली आणि काय न्याय्य, याचा विचार करायला वेळ मिळाला नाही, असे कुणी म्हणेल तर ते आम्ही मान्य करू. आज तशी घाई नाही. आज भूकंप झालेला नाही, माणसे मेलेली नाहीत, पाटी शांतपणे हातात आहे. तरीही यादी करणारा हात पुन्हा सातबाऱ्याकडेच जाणार असेल, तर त्याला कुणीतरी गावातच थांबवले पाहिजे. मुंबई-दिल्लीहून तो हात धरायला कुणी येणार नाही.